गोंडा

शिंगराने माझ्या सॅकचा गोंडा चावून त्याचा चोथा केला त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही, महिन्याभराचं पोर ते, दिसेल ते तोंडात घालणारच. म्हणणं आहे ते कुंपणापलीकडच्या गृहस्थांबद्दल, जे हा सगळा प्रकार शांतपणे मोबाईलवर शूट करत होते आणि मला एका शब्दाने बोलले नाहीत.

मी घोडीला खरारा करत होते, पाठ शिंगराकडे. गृहस्थ लेकाचा रायडिंगचा क्लास संपायची वाट बघत होते आणि वेळ जात नसल्यामुळे मला प्रश्न विचारत होते.

"मॅडम, हे कधी उभं राहिलं हो?"

म्हटलं, जन्मल्यावर तासाभरात. बहुतेक शिंगरं तास-दोन तासात राहतात.

गृहस्थांचा चेहराच पडला. "तासाभरात? आमचा नवव्या महिन्यात चालला. डॉक्टर स्वतः म्हणाले, फार लवकर आहे."

म्हटलं, लवकरच आहे की.

"नाही, पण हे पोटात किती असतं?"

"अकरा महिने."

"हांऽऽ!" एकदम हुरूप आला. "म्हणजे आतच दोन महिने जास्त काढलेत ना! मग ते धरा की. आणि पाय बघा केवढे, बाकी अंगात काहीच नाही. आमचा सगळ्या बाजूंनी वाढला."

आता एका घोड्याशी स्पर्धा लावलेल्या माणसाला काय सांगणार. तेवढ्यात शेजारून एक थोराड घोडा गेला तर शिंगराने मान पुढे काढून जबडा उघडमीट करायला सुरुवात केली. मोठ्यांपुढे शिंगरं करतात असं, मी लहान आहे, मारू नका, असा अर्जच असतो तो. गृहस्थ म्हणाले, "बोलायचा प्रयत्न करतंय. पण जमत नाहीये. आमचा वर्षाचा असताना पूर्ण वाक्य बोलायचा." मग शिंगराने आईची ताजी लीद हुंगून थोडी खाल्ली. (पोटात चारा पचवणारे जंतू जावेत म्हणून खातात, लहानपणी सगळीच.) त्यावर गृहस्थांनी जो विजयी सुस्कारा सोडला तो अजून माझ्या कानात आहे. मॅच तिथेच संपली म्हणा.

मला राग त्याचा नाही. राग याचा, की घोडीने मधेच कान मागे चिकटवले, माझ्याकडे बघून नाही, यांच्या फ्लॅशकडे बघून, आणि लाथ बसली असती तर ती मला, कारण आत मी होते. रोज कुणीतरी येतं, घोड्याच्या बरोब्बर मागे जाऊन उभं राहतं, म्हणजे नेमकं जिथलं त्याला दिसत नाही तिथेच, आणि पोराला म्हणतं हात लाव, काही करत नाही. तबेल्यात पाटी आहे, मोठ्या अक्षरात आहे. पाटीसोबत सेल्फी काढून झाला की मागे जातात.

तर मोतद्दार आला, सॅक बघितली, आणि पहिलं वाक्य, "गोंड्यात मणी किती होते?" माझी विचारपूस वगैरे काही नाही. म्हणाला, घोड्याला उलटी होत नाही, गेलं ते गेलं, मग पोटात दुखायला लागलं की रात्रभर मी जागायचं का? बरोबरच होतं त्याचं. मणी तीन होते, सापडले दोन. मी गुडघ्यावर बसून गवत चिवडतेय, शिंगरू उरलेल्या सॅककडे बघतंय आणि गृहस्थ वरून, "थांबा, माझ्याकडे पुरावा आहे, झूम करतो." मग आम्ही तिघांनी मिळून तो व्हिडिओ मागेपुढे करून बघितला. चार मिनिटांचा. चार! म्हणजे पहिल्या चाव्यापासून सगळं होतं.

"अहो मग सांगायचं नाही का?"

"सांगितलं असतं तर नॅचरल आलं नसतं, मॅडम."

तिसरा मणी शेवटी त्यांच्याच बुटाखाली निघाला, उडून कुंपणाबाहेर गेला होता. त्यांनी तो उचलला, पुसला, मोतद्दाराच्या हातात दिला आणि क्लासमधून आलेल्या लेकाला म्हणाले, "बघ, बाबांनी घोडा वाचवला."