निवृत्तांच्या सवलतीबद्दल थोडे

गेल्या आठवड्यात आम्ही उभयता माझ्या जुन्या कंपनीच्या, इथल्याच सोलापुरातल्या दुकानात गेलो होतो. बहिणीच्या नातीचे लग्न आहे आणि आमच्या घरात लग्नाचा आहेर म्हणजे जोडीने चादरी, हे ठरलेले. पत्नीने अर्धा तास घालवून मोराच्या नक्षीच्या दोन चादरी निवडल्या. मी सवयीने दोन्हींची किनार बोटांत धरून पाहिली, कारण २९ वर्षांच्या नोकरीतील २२ वर्षे मी फोल्डिंग खात्यात हेच काम केले आणि सेकंड म्हणजे दोष असलेला माल अजूनही डोळ्यांआधी बोटांना कळतो. बिल करणाऱ्या मुलाने कंपनीने निवृत्तांना सवलतीसाठी दिलेल्या माझ्या कार्डावरचा नंबर तीनदा टाकला. "घेत नाही ओ काका," असे म्हणून त्याने आवाज खाली आणला, "रिटायर लोकांचं एक तारखेपासून बंद केलंय." मागे चार गिऱ्हाईके उभी होती. १,८४० रुपये पुरते मोजून आम्ही बाहेर आलो.

सवलत २० टक्क्यांची होती, म्हणजे त्या दिवशी ३६८ रुपये गेले. एवढ्यासाठी कोणी पोस्ट लिहितो का, असे माझा मुलगा म्हणाला, आणि रकमेपुरते त्याचे बरोबरही आहे.

परंतु या सवलतीचा हिशेब निवृत्त कामगाराच्या बाजूने मांडून पाहावा. आम्हाला निवृत्तीनंतर मिळते ते दोन ठिकाणांहून. ग्रॅच्युइटी ही शेवटच्या पगारातील १५ दिवसांची रक्कम सेवेच्या प्रत्येक वर्षासाठी, महिना २६ दिवसांचा धरून काढलेली, आणि ती एकदाच हातात पडते. आमच्यापैकी बहुतेकांची ती मुलीच्या लग्नात किंवा घराच्या स्लॅबमध्ये गेली. दुसरी १९९५ च्या कर्मचारी पेन्शन योजनेतील पेन्शन, जिची किमान रक्कम २०१४ मध्ये महिना १,००० रुपये ठरली. या पेन्शनला महागाई भत्ता जोडलेला नाही, त्यामुळे निवृत्तीच्या वर्षी जो आकडा लागला तोच पुढे चालू राहतो, मग तूरडाळ कितीही चढो. चादरीची किंमत वाढली की २० टक्के मात्र आपोआप वाढत. महागाईबरोबर चालणारी आमच्या पदरची ही एकच गोष्ट होती आणि नेमकी तीच काढून घेतली गेली.

ही सवलत मेहेरबानी होती, असे कंपनीकडून आज सांगितले जाते. मी काही वर्षे युनियनच्या कमिटीवर होतो, म्हणून मला हे पटत नाही. दर करारापूर्वीच्या बैठकीत व्यवस्थापनाकडून जो खर्चाचा तक्ता पुढे येई, त्यात पगार, बोनस, फंड यांच्या खाली दुकानातील सवलतीची ओळ असे, आणि वाढीची मागणी आम्ही रेटली की त्याच ओळीवर बोट ठेवून "हेही तुम्हालाच मिळते, आणि निवृत्त झाल्यावरही मिळणार आहे" असे सांगितले जाई. आम्ही दोन पावले मागे येत असू. पगारात कमी घेऊन ज्याची किंमत आम्ही आधीच चुकवली, त्याला आज मेहेरबानी म्हणणे सोयीचे असेल, पण खरे नाही.

कायद्याचे बळ आमच्यामागे नाही, हेही स्वच्छ सांगतो. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात कलम ९-अ होते. रूढ झालेली सवलत काढून घ्यायची तर मालकाने कामगारांना आधी नोटीस द्यायची आणि २१ दिवस थांबायचे, असा त्याचा आशय. पण ते संरक्षण नोकरीत असलेल्यांचे. हजेरीपटावरून नाव उतरले की कामगार संपला.

गैरवापराचा मुद्दा व्यवस्थापनाने काढला आहे आणि तो खोटा नाही. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेच्या तोंडावर स्वतःच्या कार्डावर पन्नास-पन्नास टॉवेल उचलून पुढे विकणारे आमच्यातही दोघे-तिघे होते, आणि त्यांना ओळखूनही आम्ही गप्प बसलो, ही आमची चूक. त्यावर वर्षाला एका कार्डावर अमुक रकमेपर्यंतच खरेदी, अशी मर्यादा घालता आली असती. जे यंत्र माझा नंबर नाकारू शकते, त्याला बेरीज करणे अवघड नाही. शिवाय या कार्डामुळे आम्ही दुकानात एकटे कधी गेलो नाही. व्याही, शेजारी, पुण्याहून आलेले पाहुणे, सगळ्यांना तिथेच नेले, आणि ते पुऱ्या किमतीला घेत. सोलापुरात चादरीची दुकाने कमी आहेत असे थोडेच आहे!

खरा सल आहे तो कळवण्याच्या पद्धतीचा. निरोप समारंभाला आम्हाला नारळ दिला, चादर पांघरली (सोलापुरात शाल कशाला हवी?) आणि मोठ्या साहेबांनी हे कार्ड स्वतःच्या हाताने दिले. तेच कार्ड बंद झाल्याचे सांगण्याचे काम वीस-बावीस वर्षांच्या, स्वतःच कंत्राटावर असलेल्या मुलावर टाकले. फंडासाठी आमचे पत्ते कंपनीकडे आहेत. एक पोस्टकार्ड पुरले असते.

पूर्व भागातल्या आमच्या जुन्या सोबत्यांनी मिळून ६१ सह्यांचे निवेदन तयार केले. त्यांतल्या नऊ जणांचे अंगठे आहेत. कंपनीच्या आवक विभागात ते घेतले, आमच्या प्रतीवर शिक्काही मारून दिला. कार्ड मात्र दुकानात जमा करा, असा निरोप आता फोनवर आला आहे. जमा केल्याची पोच मी मागितली. तशी पद्धत नाही, असे उत्तर मिळाले. त्यामुळे ते अजून माझ्या खिशात आहे.