मका ठेवून विका म्हणणाऱ्यांसाठी

दिवाळीच्या सुमारास मक्याचे भाव पडले की सल्ले सुरू होतात, शेतकरी घाई करतो, माल ठेवून उन्हाळ्यात विकायला काय होतं म्हणे. वाचून राग येतो. आमच्या सिल्लोड-कन्नडकडे दोन-अडीच एकरवाला मका काढतो तेव्हा कृषी सेवा केंद्राची बी-खताची उधारी तशीच असते, मजुरी आणि मळणीचे पैसे रोख द्यायचे असतात आणि लगेच गहू-हरभऱ्याची पेरणी डोक्यावर असते. थांबायचं कशाच्या जोरावर?

2025-26 चा हमीभाव क्विंटलला 2400, पण तो 14 टक्के ओलाव्याच्या मालाला. परतीचा पाऊस झाला की दाणा 20-25 टक्क्यांवर असतो, वाळवायला ताडपत्री पाहिजे, जागा पाहिजे, सलग ऊन पाहिजे, नाहीतर बुरशी धरते. मग गावातलाच व्यापारी दारात येतो, ओलावा मोजायचं मीटर त्याचं, काटा त्याचा, वजनातून कडता किती कापायचा तेही तोच ठरवतो, पण पैसे हातावर ठेवतो. मार्केटला न्यायचं तर थोड्याशा मालासाठी पिकअपचं भाडं, आणि सौदा नाही पटला तर परत कोण आणणार? मोठ्याची ट्रॉली भरते म्हणून त्याला परवडतं.

हमीभाव केंद्रावर नोंदणी, सातबारा, ई-पीक पाहणी, मग मेसेजची वाट. बटाईवाल्याचं तर सोडाच, घाम त्याचा, सातबारा मालकाचा. सरकारी खरेदीचा फायदा देशात जेमतेम 6 टक्के शेतकऱ्यांना होतो हे केंद्राने अन्न महामंडळाच्या फेररचनेसाठी नेमलेल्या शांताकुमार समितीने 2015 लाच सांगितलंय.

पणन मंडळाची शेतमाल तारण योजना आहे ना, 1990-91 पासून आहे, बाजार समितीच्या गोदामात माल ठेवा, किमतीच्या 75 टक्क्यांपर्यंत कर्ज, सहा महिने, 6 टक्के व्याज. खरंच चांगली योजना आहे. पण गोदामात वाळलेलाच माल लागतो! सगळं येऊन अडतं ते ओलाव्यापाशी आणि त्यावर कुणी बोलत नाही. माझं स्पष्ट मत आहे, ग्रामपंचायतीने सभामंडपाच्या आधी सिमेंटचं मोठं खळं करावं, गावच्या विकास सोसायटीत सगळ्यांना वापरता येईल असं मॉइश्चर मीटर आणि काटा ठेवावा, आणि पाच-दहा जणांचा वाळलेला माल एका गाडीत तारणाला जावा. पंधराव्या वित्त आयोगाचे ग्रामपंचायतीला आलेले पैसे कशावर गेले हे आपापल्या ग्रामसभेत विचारा, आणि खळ्याचा ठराव मांडा.