एम.एस. की सर्टिफिकेशन? आधी एक सांग, तुला तिकडं राहायचंय का?

गेल्या रविवारी कोरेगावला मावशीकडं गेले होते. जेवणं झाल्यावर काकांनी कपाटातून प्लॅस्टिकची पिशवी काढली आणि सतरंजीवर कागद मांडले. सातबारा, आठ-अ आणि साताऱ्यात शाहूपुरीत घेतलेल्या दोन गुंठे एन.ए., म्हणजे बिगरशेती, प्लॉटचं खरेदीखत. मावसभाऊ यंदाच इंजिनिअर झालाय. अमेरिकेतल्या एका विद्यापीठाचं ॲडमिशन लेटर आलंय, कॉम्प्युटर सायन्समध्ये एम.एस. कर्ज लागणार चाळीस लाखांचं.

काका म्हणाले, "पाच एकर बागायत आहे गं, पण बँकवाला सातबाऱ्याकडं बघतसुद्धा नाही. प्लॉटच पाहिजे म्हणतोय."

बँकवाल्याचंही खरं आहे. 2002 च्या सरफेसी कायद्यातून शेतजमीन वगळलेली आहे, त्यामुळं कर्ज थकलं तर त्या कायद्यानं बँकेला ती ताब्यात घेता येत नाही. साधारण साडेसात लाखांच्या वरच्या शैक्षणिक कर्जाला म्हणूनच एन.ए. जागा, फ्लॅट नाहीतर एफडी मागतात. विनातारण देणाऱ्या वित्तसंस्था आहेत, पण त्यांचा व्याजदर चढा असतो. आणि आपल्याकडच्या शेतकरी घरात असं तारण बहुतेक एकच असतं. एका वर्षी आल्याच्या पिकाला दर चांगला सापडला, त्या पैशातून काकांनी हा प्लॉट घेतलेला. म्हातारपणी साताऱ्यात दवाखान्याजवळ दोन खोल्या बांधू, एवढंच मावशीचं स्वप्न आहे. ती तेव्हा दारात उभी राहून सगळं ऐकत होती. एक शब्द बोलली नाही.

मावसभाऊ मला म्हणाला, "ताई, तू तर एम.एस. न करता सर्टिफिकेशनवरच आयटीत इथवर आलीस. मी पण तेच करू का? का जाऊ?"

त्याला त्या दिवशी जे सांगितलं ते सविस्तर लिहितेय, कारण हाच प्रश्न मला वर्षातून दहा-बारा घरांतून येतो.

माझ्या मते हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि आपण ते एकाच ताटात वाढून घेतोय. परदेशातलं एम.एस. हा आपल्याकडच्या बहुतेक मुलांसाठी देश बदलायचा निर्णय असतो. सर्टिफिकेशन, म्हणजे एखाद्या तंत्राची परीक्षा देऊन प्रमाणपत्र घेणं, हा नोकरीतला निर्णय असतो, आहे त्या कामात हात पक्का करायचा. ज्याला तिकडं जाऊन राहायचंय, त्याला जगातलं कुठलंही सर्टिफिकेट व्हिसा मिळवून देत नाही. आणि ज्याला पुण्यात चांगली नोकरी हवीय, त्यानं त्यासाठी आईबापाचा प्लॉट बँकेत ठेवायचं काहीएक कारण नाही.

म्हणून मी त्याला पहिलं विचारलं, तुला तिकडं राहायचंय का? तो म्हणाला, नाही, दोन-तीन वर्षं कमवून परत येणार. मग विचारलं, तिथं नेमका कुठला विषय शिकायचाय? एखाद्या प्राध्यापकाचं नाव, एखादा कोर्स? बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "ताई, आमच्या ग्रुपमधले सगळेच चाललेत." विद्यापीठांची यादी त्याला एका कन्सल्टन्सीनं दिलेली. समुपदेशन फुकट होतं, याचं काकांना मोठं कौतुक. फुकट असतं, कारण यातल्या बऱ्याच जणांना प्रवेशामागं विद्यापीठाकडून कमिशन मिळतं. यादीत आठ नावं होती आणि मुलाला काय शिकायचंय हे त्या यादीत कुठंच दिसत नव्हतं.

मग आम्ही वहीच्या मागच्या पानावर हिशेब मांडला. चाळीस लाख, 11 टक्के व्याज, दहा वर्षं. महिन्याचा हप्ता येतो साधारण 55,000 रुपये. शिवाय शिक्षण चालू असतानाही व्याज चढतच असतं, ते वेगळं. आयकरात शैक्षणिक कर्जाच्या व्याजाची सूट मिळते, पण आठ वर्षं आणि तीही जुन्या करप्रणालीतच. डॉलरमध्ये पगार असेल तर हा हप्ता जड नाही. परत येऊन पुण्यात नवख्या माणसाच्या पगारावर तो फेडायचा म्हटलं तर सगळा पगार त्यातच जातो. म्हणजे तिकडं किमान चार-पाच वर्षं नोकरी टिकली तरच हे गणित बसतं.

आणि ती नोकरी टिकणं आपल्या हातात किती आहे? शिक्षण झाल्यावर ओपीटीवर, म्हणजे विद्यार्थी व्हिसावरच्या कामाच्या परवानगीवर, 12 महिने काम करता येतं, आपल्या विषयाला त्यात आणखी 24 महिने मिळतात. पुढं एच-वन-बी, हा नोकरीचा व्हिसा. वर्षाला 65,000 जागा, अमेरिकेत मास्टर्स केलेल्यांसाठी आणखी 20,000, आणि मागणारे याच्या कितीतरी पट, म्हणून सोडत. सप्टेंबर 2025 मध्ये नव्या एच-वन-बी अर्जांवर एक लाख डॉलर शुल्क जाहीर झालं तेव्हा आपल्याकडं किती घरांत रात्रभर फोन चालू होते ते मला आठवतंय. तिथंच शिकून व्हिसा बदलून घेणाऱ्यांना ते लागू नाही, हा खुलासा महिनाभरानं आला. ब्रिटनमध्येही शिक्षणानंतर राहायला दोन वर्षं मिळतात, ती 1 जानेवारी 2027 पासूनच्या अर्जांना दीड वर्षावर आणलीत. मुलगा अभ्यास करून पास होईल, त्याची मला खात्री आहे. पण नियम मधेच बदलले तर ना त्याचं काही चालेल, ना काकांचं.

परदेशी शिक्षणाला मी नावं ठेवत नाही. साताऱ्याच्या माणसानं तर ती ठेवूच नयेत. 7 नोव्हेंबर 1900 ला इथल्याच शाळेत, आजच्या प्रतापसिंह हायस्कूलमध्ये, भिवा रामजी आंबेडकर हे नाव दाखल झालं आणि 1913 मध्ये तो मुलगा बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात पोचला. शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून लंडनचं शिक्षण अर्धवट टाकून परत यावं लागलं. मग मुंबईत प्राध्यापकी केली, पैसे साठवले, शाहू महाराजांची मदत आणि मित्राकडून उसने घेतले आणि 1920 मध्ये परत लंडन गाठलं. काय शिकायचं राहिलंय हे त्यांना पक्कं माहीत होतं. असा राहिलेला विषय ज्याच्या डोक्यात घोळतोय, त्यानं जावंच. त्याच्यासाठी मी स्वतः बँकेत जामीन राहीन. अनुसूचित जातीच्या मुलांसाठी राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, तिची चौकशी कर्जाच्या आधी करावी. जर्मनीत बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी फी नाही. कागदपत्रं तपासल्याचं एपीएस प्रमाणपत्र लागतं आणि वर्षाच्या खर्चाचे 11,904 युरो ब्लॉक्ड अकाउंटमध्ये दाखवावे लागतात, पण ते पैसे आपलेच असतात, महिन्याला थोडे थोडे परत हातात येतात. भाषा मात्र शिकावी लागते.

आता सर्टिफिकेशनचं. इथंही लोकांनी बाजार मांडलाय. "100 टक्के प्लेसमेंट" म्हणून साठ-सत्तर हजार घेणारे क्लास आहेत, आणि डम्प्स, म्हणजे परीक्षेतले फुटलेले प्रश्न, पाठ करून परीक्षा काढणारी पोरं आहेत. अशा पोरांच्या मी मुलाखती घेते. सर्टिफिकेट समोर असतं आणि "सर्व्हर चालू होत नाहीये, पहिल्यांदा काय बघशील?" म्हटलं की शांतता.

मी साताऱ्यातून बी.एस्सी. कॉम्प्युटर केलं. पुण्यात नाईट शिफ्टला सपोर्ट डेस्कवर 11,000 पगार. 2015 मध्ये रेड हॅट या लिनक्स कंपनीची, सर्व्हर सांभाळण्याची आर.एच.सी.एस.ए. परीक्षा दिली. फी जवळजवळ महिन्याच्या पगाराएवढी. त्या परीक्षेत पर्याय निवडायचे नसतात. तेव्हा अडीच तास एक मशीन तुमच्या ताब्यात द्यायचे आणि सांगितलेली कामं प्रत्यक्ष करायची असतात. मशीन बंद करून परत चालू केल्यावर ती टिकली तरच मार्क. मशीन चालू होताना कुठल्या डिस्क जोडायच्या ते सांगणाऱ्या एफएसटॅब फाइलमध्ये मी एका ओळीत एक अक्षर चुकवलं. शेवटच्या वीस मिनिटांत रीबूट केलं आणि मशीन उठलंच नाही, इमर्जन्सी मोडमध्ये जाऊन पासवर्ड मागत बसलं. हातापायाला घाम सुटला. कुठं चुकलंय ते शोधेपर्यंत वेळ संपली. 300 पैकी 210 लागतात, मी नापास.

स्वारगेटवरून रात्रीची एसटी धरून घरी आले. आईनं काही विचारलं नाही, नुसती भाकरी टाकली. पुढचे दोन महिने सुट्टीच्या दिवशी भावाच्या जुन्या कॉम्प्युटरवर मशीन मुद्दाम बिघडवायची आणि परत उभी करायची, एवढंच केलं. दुसऱ्यांदा पास झाले. पण त्या दोन महिन्यांनी मला जे शिकवलं, त्याच्यावर मी आजही पगार घेते. कामावर कधीही सर्व्हर पडला की मी घाबरत नाही, कारण घाबरून झालंय.

म्हणून माझं म्हणणं, हात चालवायला लावणारी परीक्षा निवडा. अनेक सर्व्हरवर ॲप्लिकेशन्स चालवणाऱ्या कुबरनेटिसची सी.के.ए. तशीच आहे, दोन तास चालू टर्मिनलवर. एडब्ल्यूएसची, म्हणजे ॲमेझॉनच्या क्लाउडची, असोसिएट 150 डॉलरची, 65 प्रश्न, पर्याय निवडायचे. ती वाईट नाही, पण सोबत स्वतः काहीतरी उभं केलेलं दाखवता आलं पाहिजे. आणि यातली बरीचशी दोन-तीन वर्षांत संपतात, परत द्यावी लागतात, हे धरून चला. सायबर सुरक्षेच्या सी.आय.एस.एस.पी.ला तर पाच वर्षांचा अनुभव लागतो, कॉलेजात असताना तिच्या मागं लागण्यात अर्थ नाही.

सर्टिफिकेटनं माझं सगळं भागलं असंही नाही. कित्येक कंपन्यांनी माझा अर्ज बी.ई. नाही म्हणून उघडलाही नाही. ती भिंत मला अनुभवाची सात-आठ वर्षं होईपर्यंत लागत राहिली. मावसभावाकडं डिग्री आहे, त्याला ती लागणार नाही.

मुलींच्या बाबतीत मात्र माझा हात थोडा आखडतो. "कशाला परदेश, घरी बसून सर्टिफिकेशन कर" हे वाक्य मुलींना फार लवकर ऐकवलं जातं आणि पाठोपाठ स्थळं बघायला सुरुवात होते. एखाद्या मुलीला स्वतःचं आयुष्य सुरू करायला एम.एस. हे एकच दार घरच्यांना मान्य असेल, तर माझा वरचा सगळा हिशेब तिच्यासाठी वेगळा मांडावा लागतो. तिच्या घरी मी वेगळं बोलते.

मावसभावाला मी सांगितलं, विद्यापीठाला प्रवेश पुढं ढकलता येतो का ते ईमेल करून विचार. पुण्यातली हातात असलेली ऑफर घे. कमवा आणि शिका हे भाऊराव अण्णांनी याच जिल्ह्यात रुजवलंय, आपल्याला ते नवीन नाही. दोन वर्षांनी तुला एखादा विषय खरंच सतावत असेल तर जा, तेव्हा थोडे तरी पैसे तुझे असतील. आणि नुसतं तिकडं काम करायचं असेल तर ध्यानात ठेव, जर्मनीनं नोव्हेंबर 2023 पासून आयटीतल्या माणसाला पदवी नसली तरी तीन वर्षांच्या अनुभवावर ब्लू कार्डचा, म्हणजे तिथं राहून काम करायच्या परवान्याचा, रस्ता उघडलाय. म्हणजे अनुभवालाही तिकडं किंमत आहे.

त्यानं अजून काही ठरवलेलं नाही. बुधवारी फोन आला होता, विद्यापीठाचं उत्तर यायचंय. खरेदीखत अजून घरातच आहे.

सातारा, कोरेगाव, कराड, वाई, कुठूनही कुणाचं कर्ज मंजूर झालं असेल आणि सही राहिली असेल, तर सहीच्या आधी मंजुरीपत्र घेऊन माझ्याकडं या. रविवारी मी घरीच असते. येताना आईवडील दोघांनाही आणा, विशेषतः आईला.