‘जेवणावळींचा क्लब’ आणि भूशास्त्र : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

भूशास्त्राच्या घडणीवरील माझ्या लेखात लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटी या भूशास्त्रीय संस्थेला मी नको तितके श्रेय दिले, ती सुखवस्तू मंडळींचा जेवणावळींचा क्लब होती आणि खरे काम विल्यम स्मिथसारख्या श्रमिकांनी केले, असा आपला आक्षेप आहे.

स्मिथचा उल्लेख न करणे ही माझी चूकच झाली. लोहाराच्या या मुलाने कालव्यांची मोजणी करताना कोणत्या थरात कोणते जीवाश्म मिळतात हे टिपून ठेवले आणि त्या बळावर १८१५ मध्ये इंग्लंड-वेल्सचा भूशास्त्रीय नकाशा एकट्याच्या जिद्दीने प्रसिद्ध केला. सोसायटीने त्याला सदस्य तर करून घेतले नाहीच, उलट १८२० मध्ये तिचे पहिले अध्यक्ष ग्रीनो यांचा नकाशा त्याच्या नकाशासमोर उभा केला. त्याच्या आदल्याच वर्षी स्मिथ कर्जापायी तुरुंगात जाऊन आला होता. सोसायटीचे पहिले वोलॅस्टन पदक त्याला १८३१ मध्ये मिळाले, पण तोवर फार उशीर झाला होता. स्त्रियांना तर सोसायटीचे दार १९१९ पर्यंत बंदच होते, आणि हेही मी लिहायला हवे होते.

‘क्लब’ हा शब्दही खोटा नाही. सोसायटीच्या संस्थापकांपैकी एक, रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्हीने स्थापनेच्याच दिवशी, १३ नोव्हेंबर १८०७ रोजी, मित्राला लिहिलेल्या पत्रात तो वापरला आहे. परंतु ही मंडळी जेवणावर थांबली नाहीत, आणि माझा मतभेद नेमका इथे आहे. पुढच्याच वर्षी त्यांनी एक प्रश्नावली छापून गावोगावी पाठवली. डोंगर, दऱ्या, नद्या, झरे, खडकांचे थर, खनिजांच्या शिरा यांविषयी काय काय पाहावे, हे तीत क्रमाने विचारलेले होते. आणि खाणीत उतरणारा, दगड काढणारा, जमीन मोजणारा माणूस यात मोलाची भर घालू शकतो, असे तीत स्पष्ट म्हटले होते. एकट्या माणसाला अख्खा देश पायाखाली घालणे किती जड जाते, हे स्मिथच्याच आयुष्यावरून दिसते. ते ओझे अनेकांच्या खांद्यांवर वाटून देण्याची ही पद्धतशीर धडपड मला फार मोलाची वाटते.

अनेकांनी मिळून काम तडीस नेण्याचे खनिजशास्त्रातले उदाहरण तर सोसायटीच्या जन्माआधीचे आहे. फ्रेंच राज्यक्रांतीत परागंदा झालेले खनिजतज्ज्ञ काउंट द बूर्नों यांचा कॅल्साइट या चुनखडीतील खनिजाच्या स्फटिकांवरचा ग्रंथ छापायला पैसा नव्हता, तेव्हा लंडनचे वैद्य डॉ. बॅबिंग्टन यांच्या घरी जमणाऱ्या खनिजप्रेमींनी वर्गणी काढली. आपल्या सह्याद्रीच्या काळ्या कातळातील पोकळ्यांतही सापडणाऱ्या या एकाच खनिजाची असंख्य रूपे आकृत्यांसह १८०८ मध्ये वाचकांपुढे आली. वर्गणी देणाऱ्यांपैकीच काही जण पुढे सोसायटीच्या संस्थापकांत होते.

छापण्याची ही सवय सोसायटीने सोडली नाही. दख्खनमध्ये नोकरी केलेले ब्रिटिश लष्करी अधिकारी कर्नल साइक्स यांचा दख्खनच्या भूरचनेवरचा निबंध १८३६ मध्ये तिच्याच ग्रंथमालेत प्रसिद्ध झाला.

स्मिथवरचा परिच्छेद मूळ लेखात आज जोडत आहे. प्रश्नावली मोलाची होती, हे माझे विधान मात्र आहे तसेच ठेवतो.