कात्रीनाच्या टोपीखाली कोण होतं?

ऑक्टोबर संपत आला, मेक्सिकोतला मृतांचा सण जवळ आला की एक फॉरवर्ड फिरायला लागतो. पिसांची भलीमोठी टोपी घातलेली, दात विचकून हसणारी कवटी, आणि खाली मजकूर: 'ही कात्रीना, अ‍ॅझ्टेकांची मृत्युदेवता. पोसादा नावाच्या क्रांतिकारी चित्रकाराने तिला श्रीमंत बायकांची टोपी घालून धनदांडग्यांची खिल्ली उडवली. मेक्सिको शहरात शेकडो वर्षं तिची मिरवणूक निघते. कारण मरणापुढे राव-रंक सारखेच.' मला तो तीन ग्रुपांवर आला, त्यातल्या एकावर 'मेक्सिकोची सर्वपित्री' या मथळ्याखाली. वाचायला झकास आहे. पण यातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य लंगडं आहे, आणि एक तर चक्क उलटं.

मिरवणुकीचं आधी उरकून टाकू. मेक्सिको शहरातली ती भव्य मिरवणूक 2016 साली सुरू झाली. त्याच्या आदल्या वर्षी आलेल्या जेम्स बाँडच्या 'स्पेक्टर' सिनेमात सुरुवातीलाच तशी मिरवणूक दाखवली होती. ती पाहून पर्यटक येतील, तर दाखवायला काहीतरी हवं ना! म्हणजे आधी सिनेमा, मग परंपरा. घरोघरी मांडले जाणारे नैवेद्य, झेंडूच्या फुलांनी भरलेल्या कबरी हे सगळं जुनं आहे, त्याबद्दल वाद नाही.

आता देवता. मिक्तेकासिवात्ल ही पाताळाची राणी अ‍ॅझ्टेकांच्या देवमंडळात होती, हे खरं. पण तिच्यापासून या टोपीवालीपर्यंत कुणी सरळ रेघ ओढली तर ती मधेच तुटते. अ‍ॅझ्टेकांचे मृतांचे सण जुलै-ऑगस्टच्या सुमारास येत. आताच्या सणाच्या 1 आणि 2 नोव्हेंबर या तारखा कॅथलिक पंचांगातल्या. मेक्सिको शहराच्या पोटात, तेम्प्लो मायोर या अ‍ॅझ्टेकांच्या मुख्य मंदिरापाशी, कवट्यांच्या माळा लावलेल्या चौकटीचे अवशेष सापडले आहेत. त्या कवट्या बळी दिलेल्यांच्या. श्रीमंतीवरचा विनोद तिथे शोधू नये. राजा आणि भिकारी दोघांना एकाच फेरात नाचवणारा सांगाडा हा युरोपातल्या चर्चच्या भिंतींवरचा, तो स्पॅनिशांबरोबर आला. पुढे इथलं-तिथलं मिसळलं, हेही खरं. पण 'प्राचीन देवी' असा शिक्का मारला की चित्राकडे बघायची गरजच संपते.

म्हणून चित्राकडेच बघू. होसे ग्वादालुपे पोसादाने ते जस्ताच्या पत्र्यावर केलं. त्यात फक्त डोकं आहे. टोपीचा रुंद काठ, त्यावर फुलं आणि पिसं, खाली डोळ्यांच्या खोबणी आणि दातांची रांग. मान संपते तिथे चित्र संपतं. अंगावर झगा नाही, कारण अंगच नाही. आणि नाव कात्रीना नाहीच. नाव आहे 'कालावेरा गार्बान्सेरा'. कालावेरा म्हणजे कवटी. गार्बान्सो म्हणजे काबुली चणे, स्पेनहून आलेलं कडधान्य. आणि गार्बान्सेरा हा टोमणा होता: मूळची इथली, पण युरोपी असल्याचा आव आणणारी. तो मारला जाई तो प्रामुख्याने मोलकरणींना.

खात्री नसेल तर चित्रासोबतची कडवी वाचा. 1913 च्या त्या स्वस्त कागदावर ती छापलेली आहेत. एका कडव्याचा अर्थ असा: कॉर्सेट आणि उंच टाचा घालून मिरवणाऱ्या देखण्या गार्बान्सेरा आहेत खऱ्या, पण त्यांच्याही कवट्याच व्हायच्या, ढिगातल्या कवट्या. दुसऱ्यात 'मांजरी' अशी हाक आहे (मेक्सिकोत मोलकरणीला हिणवायचा शब्द): विटेची भुकटी नाहीतर हिंगूळ फासून गाल रंगवतेस, पण मरण म्हणेल, सुटका नाही, तूही ढिगातलीच.

विटेची भुकटी! श्रीमंत बाई गालाला वीट लावत नाही. रंगाची डबी परवडत नाही तीच वीट कुटून घेते. फॉरवर्डमधलं उलटं वाक्य ते हेच. या चित्रात धनदांडग्यांची खिल्ली नाही. मालकिणीसारखं दिसू पाहणाऱ्या मोलकरणीला हाणलेला टोला आहे. आपल्याकडे 'नाकापेक्षा मोती जड' म्हणून ज्या बाईला हसतात, तीच ही. पोर्फिरियो दियास या हुकूमशहाच्या राजवटीत बड्या घरांतून फ्रेंच फॅशनचं वेड होतं हे मान्य. पण या कागदावर त्या वेडाची शिक्षा बड्या घरच्या बाईला नाही, तिची भांडी घासणारीला मिळते.

पोसादा क्रांतिकारी होता का? तो पोटासाठी छपाईचे ठसे कोरणारा कारागीर होता. अंतोनियो वानेगास आरोयोच्या छापखान्यासाठी त्याने संत काढले, खून काढले, प्रार्थनापुस्तकांची, पाककृतींची, प्रेमपत्रांच्या नमुन्यांची मुखपृष्ठं काढली. तो मरेस्तोवर ज्यांची सरशी होती त्यांची टवाळी त्याने केली, तशी दियासविरुद्धच्या बंडाचा नेता मादेरो याचीही केली. शिवाय एकच ठसा वेगवेगळ्या मजकुरांबरोबर पुन्हा वापरायची त्या छापखान्याची रीत होती. गार्बान्सेराच्या कागदावरची कडवी पोसादाने लिहिली असं मानायलाही आधार नाही. तेव्हा त्याच्या मनात काय होतं हे छातीठोकपणे सांगणाऱ्यांपासून चार हात लांब राहिलेलं बरं.

मग ती श्रीमंत बाई आली कुठून? मेक्सिकोचा भित्तिचित्रकार दिएगो रिवेरा याच्याकडून. 1946-47 मध्ये त्याने 'आलामेदा बागेतल्या रविवार दुपारचं स्वप्न' हे सुमारे पंधरा मीटर लांबीचं भित्तिचित्र काढलं, आणि पोसादाच्या त्या डोक्याला प्रथमच धड दिलं. पायघोळ झगा दिला, गळ्यात पिसांच्या सापाचा गळपट्टा दिला. तिचा एक हात पोसादाच्या हातात, दुसरा लहान मुलाच्या रूपातल्या खुद्द रिवेराच्या. कात्रीन म्हणजे छानछोकीत राहणारा. त्याचं स्त्रीलिंग कात्रीना, आणि ते नाव या चित्रानंतर रूढ झालं. याच चित्रात एका देशी कुटुंबाला बागेतून हुसकावणारा पोलीसही आहे. संपत्तीवरची टीका हवी असेल तर ती इथे आहे, भरपूर आहे. फक्त ती 1947 ची आहे, आणि ती रंगवली होती एका आलिशान हॉटेलच्या रेस्टॉरंटमध्ये. 1985 च्या भूकंपात त्या हॉटेलचं नुकसान झालं; चित्र वाचलं आणि आता जवळच स्वतःच्या संग्रहालयात आहे.

राहिलं 'मरणापुढे सारे सारखे'. पोसादा 20 जानेवारी 1913 ला मेक्सिको शहरात वारला. गार्बान्सेराचा तो कागद बाजारात आलेला त्याने पाहिला नाही. त्याला दोलोरेस दफनभूमीत पुरलं. तिथे कबरींना वर्ग होते. त्याला मिळाली ती सहाव्या वर्गाची, फुकटातली. सात वर्षांनी हाडांवर हक्क सांगायला कुणी आलं नाही, म्हणून ती उकरून सामाईक खड्ड्यात टाकली. दिएगो रिवेराही त्याच दफनभूमीत आहे, 1957 पासून. थोरामोठ्यांसाठी राखलेल्या गोलाकार आवारात, नाव कोरलेल्या कबरीत.