२३५/७५ टायर, गेलेला पिकअप आणि रुतलेली जिम्नी: तुमच्या अभिप्रायाला उत्तर

नमस्कार साहेब,

एक तारा देऊन तुम्ही लिहिलंय की आम्ही तुमच्या जिम्नी या फोर-व्हील-ड्राइव्ह गाडीला २३५/७५ आर १५ चे मड टायर बसवले आणि वर पाच रिम माथी मारल्या. आता घाटात पिकअप नाही, ॲव्हरेज १५ वरून १२ वर आलं, आणि एवढं करून मुळशीकडे खाचराशेजारच्या वाटेत ३२ पीएसआय हवेवर गाडी रुतलीच. लॉकर (एक्सलची दोन्ही चाकं एकत्र फिरायला लावणारं कुलूप) बसवला असता तर निघाली असती, असंही म्हणताय.

आधी रिमचं. कंपनीची रिम साडेपाच इंची, २३५ रुंदीच्या टायरला किमान सहा इंची लागते. पाचवी रिम स्टेपनीची. जिम्नीला मधला डिफरन्शियल, म्हणजे पुढच्या-मागच्या एक्सलना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गियरसंच, नाही. वेगळ्या व्यासाची स्टेपनी लावून ४एच (चारही चाकांना जोर देणारा नेहमीच्या वेगाचा गियर) टाकलं तर पुढच्या-मागच्या एक्सलमध्ये ओढाताण होते आणि ट्रान्सफर केसवर (इंजिनाचा जोर दोन्ही एक्सलना वाटणाऱ्या पेटीवर) ताण साठत जातो.

पिकअपची तक्रार खरी आहे. मूळ १९५/८० टायरचा व्यास ६९३ मिमी, या टायरचा साधारण ७३३. म्हणजे सगळे गियर जवळजवळ सहा टक्क्यांनी लांबले. १३४ न्यूटन मीटरच्या इंजिनाला एवढं पुरेसं जाणवतं, शिवाय मड टायर जड. चढाला एक गियर खालीच ठेवा, क्लच अर्धा दाबून खेचू नका. क्राउन-पिनियन (एक्सलमधली गियरजोडी) बदलून रेशो परत आणता येतो, पण पुढचा आणि मागचा दोन्ही एकाच रेशोचे लागतात, आणि एवढ्या फरकासाठी तो खर्च आम्ही कुणालाच सुचवत नाही.

ॲव्हरेजमध्ये थोडी फसगत मीटरची आहे. आता १०० किमी धावल्यावर ओडोमीटर साडेचौऱ्याण्णवच दाखवतो, म्हणजे तुमचे १२ प्रत्यक्षात १२.७ च्या आसपास आहेत. उरलेली घट टायरचीच. स्पीडोमीटरही त्याच हिशेबाने पूर्वीपेक्षा कमी दाखवतो, हायवेला लक्षात असू द्या.

आता रुतण्याचं. ३२ पीएसआयवर टायर दगडासारखा कडक राहतो, जमिनीला टेकणारा पट्टा आखूड राहतो आणि चिकट माती खाचांत भरून चाक गुळगुळीत होतं. तिथे लॉकर असता तर चारही गुळगुळीत चाकं एकदम फिरली असती, बस्स. लॉकरचं काम एक चाक हवेत लटकतं तेव्हा. चिखलात शिरण्यापूर्वी हवा १८ ते २० वर आणा. बीडलॉक (टायरची कड रिमला आवळून धरणारी कडी) नसताना १५ च्या खाली जाऊ नका, स्टिअरिंग झटक्यात वळवलं तर टायर रिमवरून सुटतो. मग ४एल, म्हणजे चारही चाकांचा हळू पण जास्त जोराचा गियर, टाका. त्यात ट्रान्सफर केस दोनास एक रेशो देते, दुसऱ्या गियरमध्ये गाडी शांत चालते. चाक जागीच फिरायला लागलं की लोक घाबरून पाय काढतात, इथेच घोटाळा होतो. गाडीची यंत्रणा फिरणाऱ्या चाकाला ब्रेक लावून दुसऱ्याला जोर देते, त्यासाठी ॲक्सिलरेटर दोन-तीन सेकंद एकसारखा धरावा लागतो. तरी हलली नाही तर थांबा. चाकापुढची माती खणून रिकव्हरी बोर्ड (चाकाला पकड देणारी दातेरी फळी) चाकाखाली घट्ट सरकवा. वर चाक गरगर फिरवलं तर बोर्डाचे दाते वितळतात. दोरी लावायचीच तर शासीवरच्या टो हुकला, कुणाच्याही टो बॉलला (ट्रेलर जोडायच्या गोळ्याला) नाही. तो तुटला की काच फोडून आत येतो.

डांबरावर परतल्यावर दारावरच्या पट्टीनुसार हवा भरा. कॉम्प्रेसरच्या क्लिपा थेट बॅटरीला लावा, लायटरच्या सॉकेटचा फ्यूज उडतो.

तुमचा बहुतेक प्रवास डांबरी असल्याने एस्टिमेटवर पहिला पर्याय २१५/७५ आर १५ ऑल-टेरेन (डांबर आणि कच्चा रस्ता दोन्हींसाठीचे टायर) लिहिला होता. ते कंपनीच्याच रिमवर बसतात आणि व्यास दीड टक्काच वाढतो. अजूनही बदलायचे असतील तर हे टायर आणि रिम झीज पाहून परत घेऊ. पूर्ण वळणावर पुढचा टायर कुठे घासतोय का, तेही त्याच वेळी बघून स्टिअरिंगचे स्टॉप बोल्ट (चाक किती वळेल ते ठरवणारे) लावून देऊ. येताना जुन्या रिम मात्र घेऊन या.