वॉरंटी संपेपर्यंत टिकणारा जॉइंट

एचडीपीई, म्हणजे पाण्याच्या लाइनचा जाड प्लास्टिकचा पाइप, जोडायला लागतं तरी काय? दोन टोकांवर कपलर, म्हणजे आत तापणारी तार असलेली प्लास्टिकची नळी, बसवायचा, मशीनच्या वायरी लावायच्या, बटण दाबायचं. पण काही हौशी मंडळी बटण दाबण्याआधीच पाइपची इतकी सरबराई करतात की बघणाऱ्याला वाटावं, लग्नघर आहे. तुम्ही त्यांच्या नादी लागू नका.

पाइप कापताना गुण्या शोधत बसू नका. हॅक्सॉ ब्लेड घ्या आणि नजरेच्या भरवशावर चालवा. काप तिरका गेला तर कपलरमधल्या तारेच्या काही वेढ्यांखाली पाइपच येत नाही, तार जास्त तापते आणि वितळलेलं प्लास्टिक आत ओघळतं. पण ओघळतं ते आत! बाहेरून काय दिसणार?

आता खरवडणं. ही तर शुद्ध छळवणूक आहे. म्हणे उघड्यावर पडलेल्या पाइपचा वरचा थर ऊन-हवेनं खराब होतो, तो नीट वितळून मिसळत नाही, म्हणून साधारण ०.२ मिलिमीटर जाडीचा थर स्क्रॅपरनं काढायचा. तोही सगळ्या बाजूंनी, खड्ड्यात पालथं पडून पाइपच्या पोटाखालूनसुद्धा. बरं, सुटका होऊ नये म्हणून आधी मार्करनं आडव्यातिडव्या रेघा मारायच्या. रेघ उरली की चोरी पकडली. मग रेघा मारायच्याच कशाला? पॉलिश पेपर घ्या आणि दिसेल तेवढ्या भागावर चार हात फिरवा. त्यानं तो थर निघत नाही, उलट घाण आत रगडली जाते. पण पाइप खरखरीत दिसतो आणि सुपरवायझरचं समाधान होतं. समाधान महत्त्वाचं.

पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सुटणारं स्वच्छ फडकं मागतात. तुमच्या खांद्यावर पंचा आहे ना? मघाशी घाम त्यानंच पुसला होता. फारच कोणी मागे लागलं तर पेट्रोल वापरा, तेलकट पापुद्रा मागे राहतो तो फुकट. आणि पुसून झाल्यावर अंगठा फिरवून ‘मस्त झालंय’ म्हणायला विसरू नका. हा अंगठा मी भल्याभल्या कारागिरांचा फिरताना पाहिला आहे.

पाइप किती आत गेला हे कळायला खूण करतात, हलू नये म्हणून क्लॅम्प लावतात. दोन्ही अविश्वासाची लक्षणं. गुंडाळीतून आलेला पाइप लंबगोल असेल तर हातोडा आहेच.

बट वेल्डिंगवाल्यांनी, म्हणजे कपलरशिवाय गरम प्लेटवर टोकं वितळवून ती एकमेकांवर दाबणाऱ्यांनीही, निराश होऊ नये. दोन्ही टोकांवरून अखंड रिबन निघेपर्यंत ट्रिमर, म्हणजे टोकं तासणारं पातं, फिरवायचा असतो. तुम्ही पहिला कीस दिसताच थांबा. हीटर प्लेटला चिकटलेलं प्लास्टिक स्क्रूड्रायव्हरनं खरडा, वरचं न चिकटणारं कोटिंगही सोबत निघेल आणि पुढच्या वेळी आणखी खरडायला मिळेल. पाइपचं लांबचं टोक उघडंच ठेवा. वारा आतून वाहिला की प्लेट आणि पाइप दोन्ही गार पडतात, तेवढाच उकाड्यात दिलासा.

एवढं सगळं करूनही जॉइंट दिसतो कसा? देखणा! इथेच तर सगळी मौज आहे. मळक्या टोकांनाही तसंच गोल, गुबगुबीत कडं येतं. कपलरवरच्या छोट्या खुंट्या तितक्याच दिमाखात वर येतात, कारण आत प्लास्टिक वितळलं एवढंच त्यांना कळतं. ते पाइपशी एकजीव झालं का, हे त्यांना कोण सांगणार? मशीन व्होल्टेज, रेझिस्टन्स आणि वेळ मोजतं आणि सगळं ठीक असल्याची नोंद करतं. पाइप खरवडला होता का, हे ते विचारत नाही. पाण्याच्या दाबाच्या चाचणीतूनही असा जॉइंट पुष्कळदा पास होऊन जातो. खड्डा बुजतो, बिल निघतं.

पुढे कधीतरी जमीन ओली दिसायला लागेल. तेव्हा पाइपच हलका होता असं ठणकावून सांगा. माती, उंदीर, ट्रकची ये-जा, काहीही चालेल. फक्त तो जॉइंट कापून कोणी सोलून बघणार नाही एवढी काळजी घ्या. चांगला जॉइंट ओढला तर प्लास्टिक ताणून फाटतं, तुमचा मात्र झाकण उघडावं तसा सुटेल, आणि आत पाइपवर कारखान्यात छापलेली अक्षरं कदाचित तारखेसकट वाचता येतील.